दोनशे बैठका काढायची, तरी युरियाचं पोतं उचललं नाही

मागच्या महिन्यात जिल्ह्याच्या पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत उतरली, 63 किलो गटात, आणि तेव्हापासून गावातल्या, नात्यातल्या इतक्या पोरी विचारून राहिल्या की ताई आमच्याकडे ना जिम आहे, ना रॉड आहे, ना प्लेटा, मग तू तयारी केली तरी कशी, म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून ठेवावं. दहा महिन्यांतले पहिले साडेसात महिने मी लोखंडाला हातच लावला नाही. सगळं काही आमच्या छपरीत, स्लॅबवर आणि गोठ्यात झालं, आणि वजन म्हणून होतं ते बहुतेक माझंच शरीर. पण त्यातले पहिले दोन महिने मी चुकीच्या पद्धतीनं घालवले, आणि ते चुकीचं काय होतं हेच मला जास्त सांगायचं आहे, कारण आता ज्या पोरी विचारून राहिल्या त्याही तेच करून राहिल्या.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. काळी माती, कापूस, तूर, सोयाबीन. अमरावतीला कॉलेजात असताना तिथल्या जिममध्ये एका सिनियर ताईला स्क्वॉट मारताना पाहिलं होतं, खांद्यावर रॉड, दोन्हीकडं प्लेटा, ती खाली बसली आणि उठली, बस. त्या दिवशी मला रात्री झोप आली नाही. पण मी रॉडखाली जाऊन नीट काही शिकायच्या आतच डिग्री संपली, मी घरी आली, तलाठी भरतीचा अभ्यास घरूनच सुरू केला. जिम तालुक्याला, 14 किलोमीटरवर, आणि संध्याकाळी परत यायची बस जिम उघडल्यावर वीस मिनिटांत निघते. म्हणजे विषय संपला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पॉवरलिफ्टिंगमध्ये तीनच प्रकार असतात. स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन बसून उठायचं, बेंच प्रेस, म्हणजे पाठीवर निजून रॉड छातीला टेकवून वर ढकलायचा, आणि डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा रॉड उचलून सरळ उभं राहायचं. प्रत्येकाच्या तीन-तीन संधी, त्यातलं सगळ्यात जास्त वजन धरतात आणि तिन्हीची बेरीज करतात. तीन पंच बसतात, पांढरा दिवा म्हणजे बरोबर, लाल म्हणजे चूक, आणि दोन पांढरे लागतातच. ऑलिम्पिकमधलं वेटलिफ्टिंग वेगळं, त्यात डोक्याच्या वर नेतात, दोन्हीत लोकांचा लय गोंधळ होतो.

तर एप्रिलमध्ये मी ठरवलं की घरीच सुरू करायचं. शिकवायला मोठे बाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, होते. मोठे बाबा तरुणपणी आखाड्यात जायचे, उन्हाळ्यात अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या शिबिरालाही जाऊन आले होते, आणि त्या मंडळाचं नाव निघालं की त्यांचा आवाजच बदलते. 1914 ची संस्था, 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या चमूनं जाऊन आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती, हे त्यांनी मला किमान वीस वेळा सांगितलं असेल आणि मला दर वेळेस ऐकायला आवडते, कारण व्यायाम हे आपल्या भागातलं जुनं वैभव आहे असं मला खरंच वाटते. त्यांनी मला जोर आणि बैठका शिकवल्या. पहाटे पाचला स्लॅबवर, कारण एप्रिल-मे मध्ये आमच्याकडं सात वाजताच ऊन चटके द्यायला लागते आणि दुपारी पारा पंचेचाळीसच्या वर जाते.

पहिल्या दिवशी बैठका 30 झाल्या, दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नव्हता. मग पाच-पाच वाढवत गेली. मे संपता संपता दोनशेवर पोचली. जोर मात्र पूर्ण येतच नव्हते, गुडघे टेकवून पंधरा. पण बैठका दोनशे, एका दमात! वहीत आकडा लिहायची आणि मनात म्हणायची की पाय तयार झाले, आता रॉड मिळाला की बस.

जूनच्या सुरवातीला पेरणीआधी खत आलं. युरियाची गोणी आता 45 किलोची येते, आधी 50 ची यायची. ट्रॉलीतून उतरवून छपरीत रचायचं होतं, बाबा आणि कामावरचे लोक उतरवून राहिले होते, मी म्हटलं मी पण घेते. वाकली, दोन्ही टोकं धरली, आणि पोतं गुडघ्यापर्यंतही आलं नाही. पाठ गोल झाली, हात सुटले. दुसऱ्यांदा केलं, तसंच. आमच्याकडं कामाला येणारी मावशी, पन्नाशीच्या पुढची, वजनानं माझ्यापेक्षा कमी, ती म्हणाली, "सरक वं बाई, असं नाही होत," आणि तिनं पोतं आधी अंगाजवळ ओढलं, मांडीवर घेतलं, तिथून पोटाशी लावलं आणि चालत गेली. मोठे बाबा ओट्यावर बसले होते. "दोनशे बैठका काढते न वं तू? मंग पोतं काहून नाही उचलत?" त्यांनी टोमणा म्हणून नाही विचारलं, त्यांना खरंच कळत नव्हतं. मलाही कळलं नाही. त्या रात्री मी अभ्यास सोडून हेच वाचत बसली.

कळलं ते असं. दोनशे बैठका हा दमाचा व्यायाम आहे, ताकदीचा नाही. जी गोष्ट आपण दोनशे वेळा करू शकतो ती आपल्यासाठी हलकी आहे, आणि हलक्या कामाला शरीर आपले सगळे स्नायुतंतू लावतच नाही. जसं दोन ओळींचा कापूस वेचायचा असला तर आपण दहा बायांना सांगावा धाडत नाही, दोघींतच भागते, तसंच. ते जे मोठे, जाड, जोरदार तंतू असतात ते तेव्हाच कामाला येतात जेव्हा वजन खरंच भारी असते, किंवा सेटच्या, म्हणजे न थांबता काढलेल्या एका फेरीच्या, अगदी शेवटी जेव्हा पुढची एकच निघणार असते. आणि ताकद पहिल्या दीड-दोन महिन्यांत जी वाढते ती बरीचशी स्नायू फुगून नाही वाढत, मेंदू त्या तंतूंना एकदम बोलवायला शिकते म्हणून वाढते. मी दोन महिने मेंदूला काय शिकवलं तर थोड्या थोड्या जोरात लय वेळ काम कसं करायचं. मावशी पोरवयापासून वजन उचलून राहिली, तिच्या शरीराला ते येते. माझ्या शरीराला मी जे शिकवलं तेच आलं.

म्हणून ठरवलं की आता आकडा वाढवायचा नाही, एक-एक बैठक, एक-एक जोर भारी करायचा. पाच ते आठच्या वर काही जायला लागलं की ते आणखी अवघड करायचं, संख्या नाही वाढवायची. ऐकायला सोपं वाटते पण माझं मन लय दिवस मानत नव्हतं, कारण वहीत 200 लिहायची सवय झाल्यावर 6 लिहिताना काहीतरी गमावल्यासारखं वाटते.

भारी म्हणजे किती भारी, हे मला आकड्यात पाहिजे होतं. सोयाबीन विकायला बाबांसोबत अडत्याकडं गेली होती तेव्हा तिथला इलेक्ट्रॉनिक काटा रिकामा होता, सपाट पाट्याचा. मी विचारलं आणि दोन्ही हात काट्यावर ठेवून जोराच्या पोझिशनमध्ये थांबली, लहान भावानं आकडा वाचला. माझं वजन 61. गुडघे टेकवून काट्यावर आले 30. पूर्ण सरळ, पायाच्या पंजांवर, 39. काटा बाकड्यावर ठेवून हात वर घेतले तर 29 आणि काटा खाली ठेवून पाय बाकड्यावर घेतले तर 44. छाती खाली नेली की आकडा आणखी चढते. म्हणजे साध्या जोरात आपण आपलं साधारण दोन तृतीयांश वजन ढकलतो! मला तो दिवस अजून आठवते, कारण त्या काट्यामुळे मला पहिल्यांदा कळलं की माझ्याकडं प्लेटा आहेत, फक्त त्या शरीरात आहेत आणि हात-पाय कुठं ठेवले त्यावर त्या वाढतात नाहीतर कमी होतात. स्पर्धेतला नुसता रॉड 20 किलोचा असते, प्लेटा घसरू न देणारे दोन्ही बाजूचे कॉलर अडीच-अडीच, म्हणजे 25. बाकड्यावर हात ठेवून जोर मारणारी मुलगी रिकाम्या रॉडच्या पुढंच आहे, हे मी आता प्रत्येकीला सांगते, कारण पोरी म्हणतात मला एकही जोर येत नाही आणि तिथंच सोडून देतात.

मग मी ओट्यापासून सुरू केलं. ओटा, मग दोन विटा, मग जमीन, मग पाय बाजेवर. प्रत्येक टप्प्याला काही आठवडे लागले. आणि इथं एक गोष्ट मी सुरवातीपासून केली ती म्हणजे थांबा. बेंच प्रेसमध्ये रॉड छातीला टेकला की तो स्थिर व्हावा लागते, पंच "प्रेस" म्हणते तेव्हाच ढकलायचा. उसळी मारून वर नेलेला चालत नाही. म्हणून माझा अकरा वर्षांचा भाऊ समोर बसायचा, मी तीन मोजत खाली जायची, छाती जमिनीपासून दोन बोटं वर थांबवायची आणि तो ओरडायचा "प्रेस!" कधी मुद्दाम उशीर करायचा, मग माझे हात थरथर कापायचे, पण ते कामी आलं. मोठ्या बाबांच्या झोकदार जोरापेक्षा हे वेगळं आहे, त्यात अंग पुढं वाहत जाते, खांदे मोकळे होतात, तो मी गरम होण्यासाठी आजही काढते, दहा-बारा. पण ताकदीसाठी थांबलेला जोर.

बैठकीचंही तसंच. आपली आखाड्याची बैठक टाचा उचलून असते, वजन पंजावर, लय चपळ. स्क्वॉटमध्ये टाच जमिनीला, पूर्ण पाऊल रोवलेलं. आणि खोली किती, तर मांडीचा कमरेजवळचा वरचा भाग गुडघ्याच्या वरच्या टोकाच्या खाली गेला पाहिजे, नाहीतर लाल दिवा. शहरातल्या लोकांना म्हणे हीच खोली जड जाते. आपल्याला नाही जात, कारण आपण उकिडवं बसूनच मोठे होतो, माझी आजी सत्तरीत चुलीसमोर अर्धा तास उकिडवी बसते. पण उकिडवं बसणं म्हणजे अंग सोडून बसणं असते, तिथं ताठ राहून वर यायचं हे शिकावं लागते. मी पोटात श्वास भरून, खोकताना पोट जसं दगड होते तसं करून, खाली तीन सेकंद थांबायची. मग एक पाय मागं बाजेवर ठेवून पुढच्या एकाच पायावर बसायचं. दोन पायांत वाटलं जाणारं वजन बहुतेक सगळं एकावर येते. दोनशे बैठकावाली मी, अशा सहा निघाल्या, आणि सातव्याला खाली बसली ती बसलीच. मला इतका आनंद झाला त्या दिवशी, कारण खरंखुरं भारी काहीतरी सापडलं होतं. पोळ्यापर्यंत दोन्ही हातांत पाण्याच्या दहा-दहा लिटरच्या कॅन घेऊन आठ व्हायला लागल्या.

दोन सेटच्या मध्ये मी तीन मिनिटं बसायची. यावरून घरात लय बोलणी झाली. आई म्हणायची व्यायाम कमी अन् बसणंच जास्त, मोठे बाबा म्हणायचे, "घाम तं आलाच नाही, थांबली काहून?" घामाचा आणि ताकदीचा तसा संबंध नाही. स्नायूंमध्ये झटक्यात वापरायची ऊर्जेची जी शिल्लक असते ती काही सेकंदांत संपते आणि परत भरायला दोन-तीन मिनिटं घेते, ती भरायच्या आधी सेट घेतला तर पुन्हा दमाचाच व्यायाम होते. तसंच आठवड्यातून तीनच दिवस, सोमवार, बुधवार, शनिवार. स्नायू लवकर तयार होतात पण स्नायूला हाडाशी बांधणारे जे दोर असतात त्यांना जास्त वेळ लागते. जुलैमध्ये मी घाई करून रोज जोर काढले, पाय बाजेवर ठेवून, आणि उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला असं दुखायला लागलं की कणीक मळता येत नव्हती. तीन आठवडे परत ओट्यावर जावं लागलं. ते तीन आठवडे वाया गेले असं तेव्हा वाटलं.

आता सगळ्यात अवघड भाग, पाठ आणि मांडीची मागची बाजू, म्हणजे डेडलिफ्ट. जोर आणि बैठकांत शरीराची पुढची बाजू होते, मागची तशीच राहते. पोतं उचलताना माझी पाठ गोल झाली ती यामुळेच. खेचायचे व्यायाम करायला काहीतरी धरायला लागते, आमच्या गोठ्यातलं आडवं लाकूड त्यासाठी मिळालं, कमरेएवढ्या उंचीवर एक बांबूही बांधून घेतला. बांबूखाली निजून, टाचा जमिनीवर, अंग सळईसारखं सरळ ठेवून छाती बांबूला लावायची. हे मला पहिल्याच दिवशी चार आले. वरच्या लाकडाला लोंबकळून हनुवटी वर न्यायचं मात्र नोव्हेंबरपर्यंत एकच जमलं, तेही उलट्या पंज्यानं, म्हणजे तळहात आपल्याकडं करून, त्याआधी तीन महिने मी बाजेवर चढून वरून सुरू करायची आणि पाच सेकंद मोजत हळूहळू खाली यायची. उतरताना स्नायू जास्त वजन सांभाळू शकतो, त्यामुळे जी गोष्ट चढून येत नाही ती उतरून शिकता येते.

मांडीच्या मागच्या बाजूसाठी माझी लहान बहीण माझ्या दोन्ही पोटऱ्यांवर बसायची, मी गुडघ्यांवर उभी, खाली गादीची घडी, आणि तिथून सरळ अंगानं हळूहळू पुढं झुकायचं जोपर्यंत तोल धरवते, मग हातावर पडायचं. हा व्यायाम दिसते साधा पण मला याच्यासारखं अवघड दुसरं काही वाटलं नाही. पहिल्या आठवड्यात चार केले तर पायात रात्री गोळे आले. आणि वाकायचं कसं ते शिकायला पाठीवर उभी काठी धरायची, एक टोक डोक्याला, मध्ये पाठीला, खाली माकडहाडाला, आणि काठी या तिन्ही ठिकाणाहून न सुटू देता कंबर मागं ढकलत वाकायचं. हे रोज करा, दळण दळायला डबा उचलताना करा, घागर उचलताना करा. मी शेणाचं टोपलं उचलताना पण तसंच वाकायची, आई हसायची.

पण इथं खरं सांगायला पाहिजे. पाठीसाठी नुसत्या शरीराच्या वजनावर एका हद्दीपर्यंतच जाता येते. जोरात हात-पाय सरकवून वजन वाढवता येते, बैठकीत एका पायावर जाता येते, पण दोन्ही पायांवर उभं राहून जमिनीवरून काही उचलायचं तर ते काहीतरी लागतेच. म्हणून सप्टेंबरपासून मी युरियाच्या रिकाम्या गोणीत वाळू भरली. वाळू युरियापेक्षा लय जड, अर्धी भरली तरी 45 च्या वर जाते, त्यामुळे सुरवातीला पावच भरा आणि गोणी आधी धुऊन, उलटी करून घ्या. ती मांडीवर घेऊन पोटाशी लावायची, मावशीनं केलं तसंच. मी मावशीला विचारूनच शिकली. तिनं सांगितलं की आधी पोत्याला अंगाशी लाव, हातानं उचलायला जाशील तं कंबर जाईल. डेडलिफ्टचं पहिलं तत्त्व हेच आहे, वजन जितकं अंगाजवळ तितका पाठीवर ताण कमी.

खाण्याचं थोडं सांगते. ऑगस्टमध्ये मला दुसऱ्याच सेटला चक्कर यायची, जिना चढली की धाप. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9.6. बाईला 12 तरी पाहिजे. लोहाच्या गोळ्या तिथं फुकट मिळतात, मी तीन महिने नेमानं घेतल्या, जेवणासोबत चहा बंद केला कारण चहानं लोह अंगी लागत नाही, आणि वरणात लिंबू पिळायला लागली. नोव्हेंबरमध्ये 11.8. हे मी मुद्दाम लिहून राहिली कारण आपल्याकडच्या कितीतरी पोरी थकव्याला आळस समजतात, घरचेही आळसच म्हणतात, आणि त्या व्यायाम सोडतात. आधी रक्त तपासा गं. दुसरं प्रथिनं. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला किलोमागं दीड ग्रॅमच्या आसपास लागतात, म्हणजे मला 90 च्या वर, आणि मी मोजलं तर भाकर, वरण, भाजी मिळून 45 च होत होते. आम्ही सोयाबीन पिकवतो, पोत्यानं विकतो आणि घरात खात नाही! सोयाबीनच्या वड्या किराणा दुकानात मिळतात, 50 ग्रॅम कोरड्या वड्यांत 25 ग्रॅमच्या वर प्रथिनं. त्या, दोन अंडी, झुणका, मूठभर शेंगदाणे आणि ताक. आमच्या घरात अंडी चालतात, ज्यांच्याकडं चालत नाहीत त्यांनी वड्या आणि हरभरा वाढवावा. घरचं सोयाबीन खायचं तर भिजवून चांगलं शिजवून, कच्चं कधीच नाही.

नोव्हेंबरच्या मध्यात बाबांनी गाडी दिली, आणि मी आठवड्यातले तीन दिवस तालुक्याच्या जिमला जायला लागली. पहिल्या दिवशी मी काय काय उचललं ते लिहिते, कारण मला स्वतःला हेच आधी कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. स्क्वॉट 60 किलो, तीन वेळा, पूर्ण खोलीत. बेंच 35. डेडलिफ्ट 75. जिमवाले दादा म्हणाले आधी कुठं करत होती, मी म्हटलं घरी. ते म्हणाले घरी काय आहे, मी म्हटलं ओटा.

जे कमी पडलं तेही सांगते. रॉड खांद्यावर घेऊन स्टँडमधून दोन पावलं मागं यायचं, हे मला येतच नव्हतं, पाय तयार होते पण वरची पाठ आणि मनगटं नाही, 60 किलो नुसते घेऊन उभं राहिलं तरी श्वास कोंडायचा. बेंचवर रॉड डावी-उजवीकडं डुलायचा, कारण जोरात हात जमिनीवर पक्के असतात, रॉड हवेत असते. या दोन्हीला महिना-दीड महिना गेला. आणि तिथल्या प्लेटा लहान होत्या, त्यामुळे रॉड फारच खाली यायचा. स्पर्धेतली मोठी प्लेट 45 सेंटिमीटर व्यासाची असते, म्हणजे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर, मी टेप घेऊन गेली आणि दोन्हीकडं लाकडाचे ठोकळे ठेवून तेवढी उंची केली. आधी महिनाभर खालूनच उचलत होती, कुणी सांगितलं नव्हतं.

सिंगलेटवरून आईची काळजी होती. घट्ट एकसंध पोशाख असते तो. मी तिला दाखवलं की आत टी-शर्ट घालावाच लागते, आणि डेडलिफ्टला नडगी झाकणारे लांब मोजे, रॉड घासला तर रक्त लागू नये म्हणून. मग ती काही बोलली नाही, स्पर्धेला बाबांसोबत ती पण आली, मोठे बाबा पण.

वजन दोन तास आधी झालं, 61.4. स्क्वॉटच्या तिन्ही संधी बरोबर, 75, 80, 85, आणि तिन्ही मिळून नऊ दिव्यांपैकी एकही लाल नाही. बाकी मुलींचे दिवे खोलीवरून जात होते, मी पहाटेच्या अंधारात स्लॅबवर खाली थांबून तीन-तीन सेकंद मोजले होते ते तिथं उपयोगी पडलं. बेंचला 35, 40 झाले, "प्रेस"साठी मला जड गेलं नाही, माझा भाऊ या पंचांपेक्षा जास्त वाट पाहायला लावायचा. 42.5 ला ढकलताना बूड बाकावरून उचललं गेलं, दोन लाल. ते बरोबरच होतं, मला उचललेलं कळलं होतं. डेडलिफ्ट 90, 100. बेरीज 225. गटात चौथी आली.

तिसरी डेडलिफ्ट 105 लावली होती. ती गुडघ्याच्या वर आली, पाठ सरळ होती, पाय सरळ होऊन राहिले होते, आणि उजव्या हाताची बोटं उघडली. रॉड खाली. मोठे बाबा नंतर म्हणाले, "पोट्टी उचलत होती, पंजानं धोका देल्ला." त्यांनी बरोबर पाहिलं. पाठ आणि पाय यांच्यावर दहा महिने गेले, पंज्याकडं मी लक्षच दिलं नव्हतं, कारण गोणीला दोन्ही हातांनी कवटाळता येते, पकडावं लागत नाही.

म्हणून आता सोमवार आणि शनिवार जिमला, बुधवार घरीच, आणि बुधवारी गोठ्यातल्या लाकडावर बाबांचा दुपट्टा टाकून त्याची दोन्ही टोकं मुठीत धरून लोंबकळते. कपडा जाड आणि घसरणारा असते त्यामुळे रॉडपेक्षा जास्त जोर लागते. पहिल्या दिवशी अकरा सेकंद झाले होते, काल सव्वीस. शेजारच्या दोन पोरीही बुधवारी येऊन राहिल्या, एक दहावीची आहे, तिला ओट्यावरचे पाच जोर येतात, थांबून, आणि ती सारखी विचारते की विटांवर कधी जाऊ. मी तिला म्हटलं आठ झाले की जा.